द्रीकाचं दार

ब्लाऊपुत शेतावरच्या गोल घराची मापं घ्यायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा अपोलस स्नायर्स उंबऱ्यापाशी उकिडवे बसून दगडाला चरबी चोळत होते. मेंढीच्या शेपटीची चरबी, वितळवून तंबाखूच्या जुन्या डब्यात भरलेली. उंबऱ्याच्या दगडाला डाव्या टोकाशी एक खळगी होती, लहान वाटीएवढी. तिच्यात त्यांचं बोट गोल गोल फिरत होतं. वरच्या आडव्या दगडातही तशीच एक खळगी होती. दार मात्र नव्हतं. नुसतं बुटकं भोक आणि त्यावर मेंढ्यांच्या कातड्यांचा पडदा.

आमच्या कारूच्या कोरड्या माळावर वयानं मोठ्या माणसाला ऊम म्हटल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही.

"ऊम अपोलस, दार कुठंय?"

"विलिस्टनला."

"दुरुस्तीला टाकलंय?"

"राहायला गेलंय," ते म्हणाले, आणि बोट पुसून डब्याचं झाकण लावलं.

मी हसले. ते हसले नाहीत, म्हणून मग मीही थांबले आणि टेप काढला.

मला जुनी घरं मोजायची नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. किंबर्लीला शिकले, पण वाढले कार्नार्व्हनला, आणि माझी आजी असल्याच एका घरात जन्मली होती. त्यामुळे घर नवं नव्हतं. तरी कागदावर आणल्याशिवाय ते किती हुशारीनं बांधलंय हे कळत नाही. आमच्या भागात लाकूड नाही. गुडघ्याएवढी झुडपं, आणि दगड. म्हणून राबी घराण्यातल्या पहिल्या मालकानं, म्हणजे खरं तर त्याच्या गड्यांनी, एकही तुळई न वापरता छप्पर घातलं. सपाट दगडांची एक गोल रांग, तिच्यावर दुसरी जराशी आत सरकवलेली, तिच्यावर तिसरी आणखी आत. प्रत्येक दगडाचं जड टोक भिंतीत, म्हणून आत कोसळत नाही. असं करत करत वर तोंड बारीक होत जातं आणि शेवटी एक शिळा टोपीसारखी ठेवायची. धूर कोंडला की ती बाजूला करायची, आभाळ भरून आलं की परत लावायची. तिथवर चढायला बाहेरच्या अंगानं काही दगड पायरीसारखे पुढे सोडलेले आहेत.

पुढे लोकरीला भाव आला. सपाट माळवदाचा मोठा बंगला झाला, त्याच्या खिडक्यांना हिरव्या झडपा आल्या, लोकर कातरायची शेड आली, मेंढवाड्याला छातीएवढी दगडी भिंत आली. गोल घराची आधी दुधाची खोली झाली, मग खोगिरांची, आणि शेवटी ते मेंढपाळाला मिळालं. तो मेंढपाळ म्हणजे ऊम अपोलसचे वडील. मग ऊम अपोलस.

आता शेत धाकट्या मालकाकडे, वेसेल राबीकडे आलं होतं. मेंढ्या थोड्याच ठेवून बंगल्यात आणि गोल घरात पाहुणे उतरवायचे असं त्यानं ठरवलं होतं. माणूस वाईट नव्हता. ऊम अपोलससाठी शेडच्या मागची खोली त्यानं रंगवून घेतली होती, तिथं नळही आणला होता. पण सगळ्यांत जुन्या घराला दार नाही हे त्याला खुपत होतं.

"सुताराला सांगतो," तो म्हणाला. "वसंतात पहिले पाहुणे येणार. त्यांना काय कातड्याच्या पडद्याआड झोपवू?"

"धाकटे मालक, जरा थांबा," ऊम अपोलस म्हणाले. "दार येईल."

"अपोलस, तू माझ्या बाबांनाही हेच सांगत होतास."

"त्यांनी ऐकलं होतं."

वेसेलनं माझ्याकडे बघून खांदे उडवले. "पाहुण्यांच्या आधी आलं तर ठीक. नाहीतर मी लावणार."

त्या दिवसापासून ऊम अपोलस मला रोज विचारायचे, झाडांना मोहोर कधी येईल असं वाटतं. बंगल्यामागे जर्दाळूची काही म्हातारी झाडं होती. ती फुलली की वसंत.

दाराची गोष्ट त्यांनी मला तुकड्या-तुकड्यानं सांगितली, डब्यात उकळलेली कॉफी पिताना. मी निम्मी आधीच ओळखली होती, कारण आमच्या लोकांत दार घरापाशी राहत नाही, माणसाबरोबर जातं. लाकूडच नाही, तर काय करणार? कुणी शेत सोडून निघालं की गाढवाच्या गाडीत भांडी, गाद्या, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर आडवं टाकलेलं दार. माझ्या पणज्याचं दार कितीतरी शेतं फिरून आलं होतं. दार नेलेलं घर म्हणजे सोडलेलं घर. तिथं मग कुणी राहत नाही. साप आणि साळिंदर काय ते.

हे दार द्रीकाचं होतं, ऊम अपोलसच्या बायकोचं. तिचे वडील मालकांचा बैलगाडा हाकायचे. ट्रक आले, गाडा उन्हात पडून राहिला. पोरीचं लग्न ठरलं तेव्हा म्हाताऱ्यानं गाड्याच्या बाजूच्या फळ्या काढल्या आणि दार केलं. बिजागऱ्या नाहीत, फळीच्याच वरच्या आणि खालच्या टोकाला गोल खुंट कोरलेला, तो दगडाच्या खळगीत बसतो आणि फिरतो. फळ्यांवर गाड्याचा हिरवा आणि लाल रंग राहिलेला. नवरी ब्लाऊपुतला आली ती त्या दारावर बसून.

"बसायला दुसरी जागाच नव्हती गाडीत," ऊम अपोलस म्हणाले. "माझ्या बापानं दार आधी उतरवलं, मग तिला. ती म्हणाली, म्हणजे ह्या घरात माझा नंबर दुसरा का?"

त्यांना एव्हलीन झाली. एव्हलीन शाळेत जायला लागली आणि शेजारच्या शेतावरची शाळा बंद पडली. द्रीकाला विलिस्टनला जायचं होतं. तिथं नगरपालिकेची घरं मिळत होती, शाळा रस्त्यापलीकडेच होती.

"मी म्हटलं, ह्या मेंढ्या व्याल्या की बघू. ती म्हणाली, मेंढ्या दर वर्षी व्यातात."

"मग?"

"मग काय. ती म्हणाली, भिंती तुझ्या, दार माझं. आणि उचललं खुंटावरून. एकटीनं. मी मेंढवाड्यात होतो, हात कोपरापर्यंत मेंढीच्या आत. पिल्लू उलटं होतं. बघत राहिलो." त्यांनी कॉफीतला गाळ जमिनीवर ओतला. "चांगलं उचललं हो. दाराचा कोपरासुद्धा कुठं लागू दिला नाही."

"ऊम, तिनं दार नेलं ते तुम्ही मागून यावं म्हणून."

"लोक तसं म्हणतात."

"तुम्ही काय म्हणता?"

"खळगी इथं आहे," ते म्हणाले. "खळगीला पाय नाहीत."

तेवढंच. त्यांनी घर सोडलं नाही, म्हणून त्यांच्या हिशेबानं घर सोडलेलं नव्हतं. दार फक्त बाहेर गेलेलं होतं. खळगी कोरडी पडली तर दगड खुंटाला खातो, म्हणून दर शनिवारी चरबी.

महिनाअखेरीला गड्यांना घेऊन गाडी विलिस्टनला जायची. ऊम अपोलसही जायचे. द्रीकाच्या घराला दार तेच लावलेलं होतं. नगरपालिकेनं दिलेलं पातळ पत्र्याचं दार तिनं काढून कोंबड्यांच्या खुराड्याला दिलं होतं. ऊम अपोलस फाटकाशी उभे राहायचे, मटणाची पिशवी फाटकाला अडकवायचे, जरा वेळ थांबायचे आणि परत फिरायचे.

"आत नाही गेलात?"

"कुत्रं ओळखायचं मला. शेपटी हलवायचं."

"पण दार ठोठवायचं ना, ऊम."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही अश्लील बोलले.

"आपल्याच दारावर कुणी ठोठवतं का, पोरी?"

पुढे गुडघे गेले. गाडीच्या मागच्या फळीवर चढवेना. तेव्हापासून ते पिशवी नव्या ड्रायव्हरबरोबर, पीटबरोबर पाठवायचे. पीट परत येऊन म्हणायचा, दिली. अशी दोन वर्षं झाली होती.

जर्दाळू फुलायच्या सुमाराला कातरणीवाले आले. त्यांची टोळी आली की ब्लाऊपुतला आवाज येतो, एरवी वारा आणि मेंढ्या. कूस म्हणून एक जण होता, हात कात्रीसारखे आणि जीभही. दुपारी निखाऱ्यावर भाजलेल्या पावाचा तुकडा मोडत तो म्हणाला, "ऊम अपोलस, थंडीत वारा आत येताना विचारतो का?"

"विचारतो. तुझ्यापेक्षा जास्त रीत आहे त्याला."

"मी तर म्हणतो, तुम्ही दुसरं लग्न करा. नवी बायको, नवं दार."

"तुझ्या पहिलीनं दार आणलं होतं का?"

"कुलूप आणलं होतं," कूस म्हणाला, आणि सगळे हसले. ऊम अपोलसही हसले. मग उठून लोकरीच्या गठ्ठ्यांकडे गेले आणि बराच वेळ एकच गठ्ठा दाबत राहिले.

त्याच दुपारी वेसेलची गाडी आली. मागे गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. तो खुशीत होता. सुतार उन्हाळ्यापर्यंत वेळ मागत होता, तेवढ्यात लांबच्या गावातल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्याला अस्सल जुनं दार मिळालं होतं.

"माप बघ," तो मला म्हणाला. "तू दिलेलीच रुंदी. अर्ध्या बोटाचाही फरक नाही. नशीब म्हणतात ते हे."

आम्ही ते उतरवून शेडच्या भिंतीला टेकवलं. पांढरा तैलरंग, दोनदा तरी मारलेला. एका बाजूला लोखंडी बिजागऱ्यांची भोकं. मध्ये घराचा क्रमांक लिहिलेल्या पाटीच्या खुणा. मी नखानं रंगाचा एक पोपडा काढला आणि खाली हिरवं दिसलं. मी नख तिथंच ठेवलं. पुढे खरवडावंसं वाटेना.

ऊम अपोलस शेडमधून हात पुसत आले. दाराकडे बघितलं नाही, खाली वाकले. खालच्या कोपऱ्यात फळी कुरतडलेली होती, रंगाखालीही दातांच्या खुणा उठून दिसत होत्या.

"हान्सी," ते म्हणाले. "एव्हलीननं बाटलीनं वाढवलेलं कोकरू. दूध नाही दिलं की दार खायचं."

वेसेल बघत राहिला. "अपोलस? हे तुझं दार?"

"नाही, द्रीकाचं." त्यांनी हात फळीवरून वर नेला, परत खाली आणला. वरचा खुंट शाबूत होता, खालचा करवतीनं कापलेला होता. लोखंडी बिजागरीला तो लागत नाही. त्या कापलेल्या जागेवर त्यांनी अंगठा ठेवला. "कुणी विकलं?"

"दुकानदारानं. त्याला कुणी विकलं मला काय माहीत. का?"

"ती विकणार नाही," ऊम अपोलस म्हणाले.

शेडमध्ये कात्र्या चालू होत्या. वेसेलच्या चेहऱ्यावरून खुशी उतरली. त्यालाही कळलं, मलाही. दार परत आलं होतं, आणि तेच सांगत आलं होतं की आता त्याची गरज असणारं तिकडे कुणी नाही.

एव्हलीनचा नंबर मिळायला वेळ लागला नाही; आमच्याकडे माणसाला माणूस लागलेलंच असतं. पण ब्लाऊपुतला फोन लागतो तो फक्त एकाच जागी, गोल घराच्या टोकावर. ऊम अपोलसना चढणं शक्य नव्हतं. मी बाहेरच्या दगडांवर पाय देत वर गेले, टोपीची शिळा ढकलली आणि खाली बघितलं. ते आत, चुलीच्या राखेशेजारी, अगदी भोकाखाली येऊन उभे होते. मी फोनचा आवाज वाढवला आणि हात भोकात धरला.

"कोण?" एव्हलीनचा आवाज खाली पडला.

"मी," ऊम अपोलस म्हणाले. "तुझा बाप."

"बाप," ती म्हणाली. "आज काय आठवण झाली?"

"दार आलंय."

पलीकडे कुठंतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "कुठं आलंय?"

"इथं. मालकांनी विकत आणलं. द्रीका कुठंय?"

"आई हिवाळ्यात गेली," एव्हलीन म्हणाली. "मी तिला उपिंग्टनला माझ्याकडे आणलं होतं, त्याला दीड वर्ष झालं. छातीचं दुखणं. घर परत करायचं होतं, सामान दिलं मी दुकानवाल्याला. माझ्या फ्लॅटला दार आहे."

"मला सांगितलं नाहीस."

"कुणाला सांगायचं? तू कधी आत आलास? तिच्या मातीलाही फाटकाबाहेर उभा राहिला असतास, पिशवी अडकवून."

मी वरून फोन काढून घेणार होते. ऊम अपोलसनी हात वर केला, राहू दे म्हणून.

"मटण मिळत होतं ना?" त्यांनी विचारलं.

"कुठलं मटण? दोन वर्षांत एक हाड आलं नाही. आई म्हणायची, म्हातारा गेला असेल नाहीतर रुसला असेल."

"पीटची पोरं बाळसं धरायला लागली होती," ते म्हणाले. "मी म्हटलं, हवा मानवली."

पलीकडून जो आवाज आला तो हसू होतं की काय ते मला ठरवता आलं नाही. मग एव्हलीनचा आवाज बदलला. लहान झाला.

"पप्पा. ती आतून कडी लावत नसे. महिन्याच्या शेवटी तर नाहीच. मी ओरडायचे, चोर येतील. ती म्हणायची, त्याच्या हातात पिशवी असते, नुसतं ढकललं की उघडलं पाहिजे. तू फाटकाशी असायचास ना, ती आत टेबलाशी बसलेली असायची. मला म्हणायची, उठायचं नाही, त्याचं दार आहे, त्याला येऊ दे."

ऊम अपोलस वर बघत होते. शिळा सरकवलेल्या भोकातून ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडलं होतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"आता काय करणार दाराचं?" एव्हलीननं विचारलं.

"लावतो," ते म्हणाले.

वेसेल बिजागऱ्या घेऊन आला होता. ऊम अपोलसनी त्या हातात घेतल्या, बघितल्या आणि परत दिल्या. मग त्यांनी आपली काठी आणली. रानजैतुनाची, बापापासूनची, तिनं त्यांनी आयुष्यभर मेंढ्या वळल्या होत्या. बुडाचा जाड भाग कापला, दिवसभर चाकूनं गोल केला, दाराच्या कापलेल्या टोकात खाच पाडून ठोकून बसवला. कूस आणि त्याच्या लोकांनी दार उचललं. कुणी काही विनोद केला नाही. खुंट खळगीत उतरला आणि दार बोटानं फिरलं. आवाज झाला नाही. इतक्या वर्षांच्या चरबीनं दगड काचेसारखा झाला होता.

वेसेल म्हणाला, "अपोलस, पाहुण्यांचं बघू नंतर. तू राहा इथंच. जितके दिवस हवं तितके."

ते राहिले. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर ते गादी गुंडाळून मेंढवाड्याच्या भिंतीवर बसलेले होते.

"झोप येत नाही," म्हणाले. "दार लावलं की आत कुणीच नसतं. पडदा होता तेव्हा बाहेरचं ऐकू यायचं."

मी गादी उचलू लागले. ती त्यांनी मला उचलू दिली नाही. शेडमागच्या खोलीपर्यंत ते हळूहळू चालत गेले, काठी नव्हती म्हणून भिंतीला हात लावत. त्या खोलीचं पत्र्याचं दार मी तिथं असेपर्यंत त्यांनी कधी लावलेलं मला दिसलं नाही.

माझे नकाशे झाले. नकाशात ते दार मी काढलं, हान्सीच्या दातांसकट, आणि पांढरा रंग काढायचा नाही असं वेसेलला सांगितलं. त्यानं ऐकलं. तो तिच्या घरातला रंग होता.

पुढच्या वसंतात मी परत गेले. केपटाऊनचं एक जोडपं गोल घरात उतरलं होतं. शनिवार होता. ऊम अपोलस तंबाखूचा डबा घेऊन मेंढवाड्याच्या भिंतीतल्या फटीशी उभे होते, घरापासून बरंच अलीकडे. दार बंद होतं.

"ऊम, ठोठवा ना," मी म्हटलं. "आत आहेत लोक."

"येतील बाहेर."

आम्ही थांबलो. वाऱ्यानं मेंढ्यांचा वास येत होता. बऱ्याच वेळानं आतून कडी काढल्याचा आवाज झाला आणि बाई बाहेर आली. आम्हाला बघून दचकली. मी सांगितलं की हे दाराला चरबी लावायला आलेत, दर शनिवारी लावतात. ती म्हणाली, हो हो, या ना, आत या, चहा घेता का.

"नको," ऊम अपोलस म्हणाले. ते उंबऱ्याशी उकिडवे बसले, हात टेकत, आणि खळगीत बोट घातलं. बाई कौतुकानं बघत होती. काम झालं तसं त्यांनी बोट पुसलं, झाकण लावलं आणि वर न बघता म्हणाले, "बाई, एक सांगू का. इथं चोर येत नाहीत. कडी लावू नका."